वेबहुक म्हणजे दारावरची थाप: आमचं डिप्लॉयमेंट आपोआप होईपर्यंत

आमच्या डिप्लॉयमेंटची, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चालू करण्याची, सात ओळींची एक यादी होती. सर्व्हरवर लॉगिन करा, फोल्डरमध्ये जा, नवा कोड ओढा, लायब्रऱ्या बसवा, डेटाबेसचं मायग्रेशन (त्याच्या रचनेतला बदल) चालवा, स्टॅटिक फाइली तयार करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. यादी माझ्या वहीत होती, पण इतकी पाठ झालेली की वही उघडायची वेळच येत नसे. चारजणांच्या टीममध्ये डिप्लॉय करणारी मी एकटी. बाकीचे कोड लिहायचे, मर्ज करायचे (मुख्य कोडमध्ये मिसळायचे) आणि मला विचारायचे, “आज टाकतेस का?”

एका संध्याकाळी मी पाचवी ओळ विसरले. नव्या कोडला डेटाबेसमध्ये एक नवा कॉलम हवा होता आणि तो तिथे नव्हताच. पानं उघडत होती, फॉर्म भरता येत होता, फक्त ‘जतन करा’ दाबलं की एरर येत होता. आम्हाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभरात ज्यांनी फॉर्म भरले त्यांची माहिती कुठेच साठली नव्हती. त्यांना पुन्हा भरा म्हणून सांगायचं, तर ते कोण होते हेही आमच्याकडे नव्हतं. मला ही गोष्ट फार लागली. पाठ असलेलं काम माणूस थकलेला असताना चुकतोच, आणि आमच्या चुकीची किंमत भरली होती आमचा फॉर्म विश्वासाने भरणाऱ्यांनी. त्या आठवड्यातच मी ठरवलं की हे काम माझ्या हातातून काढायचं.

मोठी साधनं नजरेसमोर होती. अशी कामं आपोआप करणाऱ्या जेन्किन्सचा विचार झाला, आमचा कोड जिथे राहतो त्या गिटहबच्या अ‍ॅक्शन्सचाही. पण आमचा सर्व्हर एकच आणि अ‍ॅप्लिकेशनही एकच. जेन्किन्स सांभाळायला वेगळं मशीन आणि वेगळं लक्ष लागलं असतं. अ‍ॅक्शन्समधून डिप्लॉय करायचं तर सर्व्हरवर लॉगिन करू शकणारी किल्ली बाहेर ठेवावी लागली असती, आणि ते मला नको होतं. मला उलटी दिशा हवी होती. बाहेरून फक्त ‘नवीन काहीतरी आलंय’ एवढा निरोप यावा आणि पुढचं सगळं सर्व्हरने स्वतः करावं. हा निरोप म्हणजेच वेबहुक. मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) पुश झालं, म्हणजे नवा कोड पोहोचला, की गिटहब आपण दिलेल्या पत्त्यावर एक एचटीटीपी पोस्ट रिक्वेस्ट पाठवतं, बस.

‘वेबहुक’ हा शब्द २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केला. आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी दाखवणारं रिक्वेस्टबिन आणि आपल्या लॅपटॉपवरचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देणारं लोकलटनेल, ही दोन्हीही मुळात त्यांचीच. कल्पना मांडणाऱ्यालाच ती तपासण्याची साधनं बनवावी लागली, यात मला मोठा अर्थ दिसतो. वेबहुकची गंमत अशी की रिक्वेस्ट आपण पाठवत नाही. दुसरं कोणीतरी, त्याला वाटेल तेव्हा पाठवतं. ब्राउझर रीफ्रेश करून ती परत घडवता येत नाही. म्हणून पहिलं काम कोड लिहिण्याचं नाही, नीट बघण्याचं.

बघण्यासाठी मी आलेली रिक्वेस्ट दाखवणाऱ्या वेबहुक डॉट साइटचा ओपन सोर्स कोड आमच्या चाचणी सर्व्हरवर डॉकरमध्ये, म्हणजे इतरांपासून वेगळ्या डब्यात, चालवला. त्यांची सार्वजनिक साइट वापरता आली असती, पण पुशच्या पेलोडमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या माहितीत, रिपॉझिटरीचं (कोडच्या साठ्याचं) नाव, प्रत्येक कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश, बदललेल्या फाइलींची नावं आणि कमिट करणाऱ्याचा ईमेल असं सगळं असतं. ते दुसऱ्याच्या मशीनवर उघडं टाकणं मला पटलं नाही. समोर कॅडी हा वेब सर्व्हर ठेवला, त्याने एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट स्वतःहून आणलं, आणि अर्ध्या तासात माझ्याकडे एक पत्ता होता ज्यावर काहीही पाठवलं तरी ते पानावर दिसत होतं.

तो पत्ता गिटहबच्या सेटिंगमध्ये घातल्याबरोबर पहिली रिक्वेस्ट आली. पुश केलेलं नसतानाच. ही ‘पिंग’ घटना, वेबहुक नवा तयार झाला की येणारी. तिची बॉडी (मुख्य मजकूर) बघून मी गोंधळले. मला जेसन (माहिती मांडायची एक ठरलेली पद्धत) अपेक्षित होतं आणि आलं होतं टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेलं एक लांबलचक वाक्य, सुरुवातीला ‘पेलोड’ आणि बरोबरचं चिन्ह. कंटेंट टाइप निवडायच्या यादीत मी आधीपासून निवडलेला पर्याय तसाच ठेवला होता आणि तो होता वेब फॉर्मचा. जेसन केल्यावर नीट दिसायला लागलं. ही रिक्वेस्ट डोळ्यांनी बघितली नसती तर जेसन वाचणारा माझा कोड पहिल्याच दिवशी कोसळला असता आणि मी चूक कोडमध्ये शोधत बसले असते.

दोन दिवस मी नुसतं बघत होते. मेनवर पुश केलं, दुसऱ्या ब्रँचवर केलं, टॅग लावला, ब्रँच पुसली. ब्रँच पुसली तरीही गिटहब ‘पुश’ हीच घटना पाठवतं, आणि नव्या कमिटच्या जागी चाळीस शून्यं असतात. आलेली प्रत्येक वेगळी रिक्वेस्ट मी हेडरसकट (वरच्या नोंदींसकट) फाइलमध्ये साठवली. अशा अकरा फाइली झाल्या. या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत उपयोगी काम कोणतं असं कोणी विचारलं तर मी या अकरा फाइलींकडे बोट दाखवेन. पुढचे बरेच दोष त्यांनीच पकडून दिले.

लॅपटॉपवर चाचणी करायची तर बाहेरची रिक्वेस्ट आतपर्यंत आणावी लागते. त्यासाठी बरेच लोक स्मी हे रिक्वेस्ट पुढे पोहोचवणारं साधन वापरतात. चालवायला ते फार सोपं आहे, पण त्याच्या चॅनेलचा पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला तिथून जाणारं सगळं दिसतं. चाचणी सर्व्हर हाताशी असल्याने मी एसएसएचचंच (सर्व्हरवर लॉगिन करायच्या साधनाचंच) उलटं फॉरवर्डिंग वापरलं. सर्व्हरवरचा एक पोर्ट माझ्या लॅपटॉपला जोडला आणि कॅडीला त्या पोर्टकडे वळवलं. नवीन काही बसवावं लागलं नाही.

मग सहीचा प्रश्न आला. आपला पत्ता उघडा असतो, त्यावर कोणीही रिक्वेस्ट पाठवू शकतं. म्हणून गिटहब आणि आपण यांच्यात एक सिक्रेट (गुप्त शब्द) ठरतं. ते सिक्रेट आणि बॉडी मिळून एचमॅक पद्धतीने शा-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) काढतात आणि तो सही म्हणून ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ या हेडरमध्ये पाठवतात. एचमॅक १९९७ पासून आरएफसी २१०४ या इंटरनेट दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. आपण आपल्या बाजूने तोच हिशोब करायचा आणि दोन्ही जुळले तरच पुढे जायचं.

पायथनमध्ये मी चाळीस ओळींचा रिसीव्हर लिहिला. बॉडी आली की जेसन उलगडायचं, हवं ते वाचायचं आणि सही तपासताना तेच जेसन परत मजकुरात बदलून त्याचा हॅश काढायचा. सुरुवातीला जुळेना, कारण पायथन स्वल्पविरामानंतर आणि अपूर्णविरामानंतर मोकळी जागा सोडतो. ती जागा काढून टाकली, जुळायला लागलं, मी पुढे गेले. आठवडाभर सगळं व्यवस्थित चाललं. मग एका सहकाऱ्याने कमिटचा संदेश मराठीत लिहिला, आणि त्या पुशची सही खोटी ठरली.

कारण समजायला एक संपूर्ण दुपार गेली. जेसन मजकुरात बदलताना पायथन इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंक अशा सांकेतिक रूपात लिहितो. अर्थ तोच राहतो, बाइट वेगळे होतात. आणि सही अर्थाची नसते, बाइटांची असते. तारेवरून जे बाइट आले त्यांचाच हॅश काढायचा, जेसन त्यानंतर उलगडायचं. मूळ बॉडी तशीच धरून ठेवली आणि प्रश्न मिटला. तुलनाही साध्या बरोबरच्या चिन्हाने न करता पायथनच्या ‘कंपेअर डायजेस्ट’ने केली. पहिलं अक्षर चुकलं काय आणि शेवटचं चुकलं काय, त्याला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे वेळ मोजून सही ओळखण्याची सोय राहत नाही.

बाइटांनी मला आणखी एकदा अडवलं. साठवलेल्या अकरा फाइली कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने परत पाठवून तपासायचं मी ठरवलं. चाचणीसाठी ठेवलेल्या सिक्रेटने ओपनएसएसएल या हॅश काढणाऱ्या साधनाकडून फाइलची सही काढायची, ती हेडरमध्ये घालायची आणि फाइल पाठवायची. सही जुळेना. कोड तोच होता, गिटहबकडून येणाऱ्या खऱ्या रिक्वेस्टची सही जुळत होती, माझीच तेवढी खोटी ठरत होती. फाइल एडिटरमध्ये उघडून जतन करताना शेवटी एक नवी ओळ जोडली गेली होती. ओपनएसएसएलने ती धरून हॅश काढला होता. कर्लचा नेहमीचा ‘डी’ पर्याय मात्र फाइल वाचताना त्यातल्या नव्या ओळी काढून टाकतो. म्हणजे सही एका मजकुराची आणि पाठवला दुसराच. ‘डेटा-बायनरी’ हा पर्याय दिला की कर्ल एकही बाइट हलवत नाही. कर्लच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही सहीवर अडकला असाल तर आधी हे तपासा. शिवाय गिटहबच्या दस्तऐवजात एक ठरलेला मजकूर, एक ठरलेलं सिक्रेट आणि त्यांच्यापासून येणारी सही दिलेली आहे. तेवढी एक जोडी जुळली की हिशोब बरोबर आहे याची खात्री होते आणि शोध बॉडीपुरताच उरतो.

या दोन अनुभवांनंतर मी स्वतःचा रिसीव्हर बाजूला ठेवला. सुरक्षिततेचं काम करणारा कोड मी एकटीने लिहावा आणि एकटीनेच तपासावा, हे मला बरोबर वाटेना. ‘वेबहुक’ याच नावाचं, गो भाषेत लिहिलेलं एक छोटं ओपन सोर्स साधन आहे. एकच बायनरी, एक सेटिंगची फाइल, ९००० हा पोर्ट. कोणत्या पत्त्यावर रिक्वेस्ट आली, तिने कोणते नियम पाळले तर कोणती स्क्रिप्ट चालवायची, एवढंच ते करतं. एचमॅक तपासणी त्यात आधीच आहे.

मी दोन नियम लिहिले. सही बरोबर हवी आणि ‘रेफ’ची (कोणत्या ब्रँचवर पुश झालं त्याची) किंमत ‘रेफ्स/हेड्स/मेन’ हवी. मग अकरा फाइली चालवल्या. माझी चाचणी स्क्रिप्ट आलेला स्टेटस कोड बघत होती, आणि अकराही ठिकाणी २०० (म्हणजे ‘ठीक’) आलं. सही नसलेल्या रिक्वेस्टलाही.

क्षणभर मला वाटलं की तपासणी होतच नाहीये आणि आम्ही दार सताड उघडं ठेवलंय. लॉग बघितला तर स्क्रिप्ट एकदाच चालली होती, जिथे चालायला हवी होती तिथेच. नियम जुळले नाहीत तर हे साधन तसा मजकूर परत पाठवतं, पण कोड २०० चाच देतं, आणि तो बदलायची सेटिंग वेगळी आहे. मी ती ४०३ (‘परवानगी नाही’) केली. त्यातून दुसरीच अडचण आली. आता दुसऱ्या कुठल्याही ब्रँचवर पुश झालं तरी ४०३ जायला लागलं, आणि गिटहबच्या डिलिव्हरींच्या यादीत लाल खुणांची रांग लागली. इतक्या लाल खुणांमध्ये खरी चूक कोणालाच दिसली नसती. शेवटी नियमांत फक्त सही ठेवली आणि ब्रँच बघायचं काम स्क्रिप्टकडे दिलं. आता लाल खूण म्हणजे सही जुळली नाही किंवा आमचा सर्व्हर भेटला नाही, तिसरं सहसा काही नसतं.

यानंतरचा टप्पा सर्वांत अवघड गेला आणि सर्वांत जास्त शिकवूनही गेला.

स्क्रिप्टमध्ये वहीतल्या ओळी उतरवणं सोपं होतं. ती संपायला चाळीस सेकंद लागत. स्क्रिप्टचं आउटपुट गिटहबच्या पानावरच दिसावं म्हणून मी ते रिस्पॉन्समध्ये पाठवायची सेटिंग चालू केली होती. गिटहब उत्तराची वाट दहाच सेकंद बघतं. डिप्लॉय नीट होत होतं आणि तिकडे मात्र टाइमआउटची नोंद पडत होती. सेटिंग बंद केली, उत्तर ताबडतोब जायला लागलं. पण आता त्या हिरव्या खुणेचा अर्थ ‘निरोप पोहोचला’ एवढाच होता, ‘डिप्लॉय झालं’ असा नव्हता. हा फरक टीममध्ये सगळ्यांना नीट समजेपर्यंत दोनदा घोटाळा झाला.

मग एका रात्री वेबहुक साधनाची सेटिंग बदलली होती, ती फाइलही आमच्याच रिपॉझिटरीत होती, म्हणून डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ वाढवली: अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हिसआधी वेबहुकची सर्व्हिसही रीस्टार्ट कर. पुश केलं. साइटवर जुनीच आवृत्ती. लॉग उघडला तर त्या ओळीपर्यंत सगळं ठीक, त्यानंतर काहीच नाही. एरर नाही, शेवट नाही. जणू स्क्रिप्ट बोलता बोलता गप्प झाली होती.

सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) एखादी सर्व्हिस थांबवतो तेव्हा तिच्या कंट्रोल ग्रुपमधल्या, म्हणजे तिच्यातून निघालेल्या, सगळ्या प्रोसेस थांबवतो. माझी डिप्लॉय स्क्रिप्ट वेबहुकच्या पोटातून निघालेली, म्हणजे त्याच ग्रुपमधली. तिने वेबहुकला रीस्टार्ट करायला सांगितलं आणि त्या रीस्टार्टमध्ये ती स्वतःच संपली. मायग्रेशन झालेलं, अ‍ॅप्लिकेशनची सर्व्हिस रीस्टार्ट व्हायची राहिलेली. नशिबाने त्या दिवशीचा डेटाबेसमधला बदल निरुपद्रवी होता.

ग्रुप न मारण्याची सेटिंग आहे. ती घालून विषय मिटवता आला असता. पण त्या रात्री मला वाटलं की मूळ मांडणीच चुकतेय. निरोप घेणाऱ्याने घर आवरायला का जावं? दारावर थाप पडली, कोण आहे ते बघितलं, ‘हो, कळलं’ म्हटलं, की त्याचं काम संपलं पाहिजे. आवरणारं कोणीतरी वेगळं हवं.

आता वेबहुक एवढंच करतं: सही बरोबर असेल तर एक छोटी स्क्रिप्ट चालवतं, आणि ती मेन ब्रँच असेल तर एका ठरलेल्या जागी ‘डिप्लॉय हवंय’ नावाची रिकामी फाइल तयार करते. सिस्टमडीचं एक पाथ युनिट त्या फाइलवर लक्ष ठेवून असतं. फाइल दिसली की ते डिप्लॉयची स्वतंत्र सर्व्हिस चालू करतं. ती सर्व्हिस वेबहुकच्या ग्रुपमध्ये नाही, त्यामुळे वेबहुक कितीही वेळा रीस्टार्ट होवो, तिला धक्का लागत नाही.

डिप्लॉय स्क्रिप्टची पहिली ओळ ही फाइल पुसून टाकते. आधी मी ती शेवटी पुसत होते. चाचणीसाठी स्क्रिप्टमध्ये वीस सेकंदांची झोप घातली आणि कर्लने पाठोपाठ दोन रिक्वेस्ट पाठवल्या. दुसरीचा निरोप हरवला. पहिलं डिप्लॉय चालू असताना दुसरी थाप आली, फाइल होतीच, आणि पहिल्याने जाताना ती पुसून टाकली. सुरुवातीलाच पुसली तर मधे आलेली थाप नवी फाइल बनवते, आणि काम संपल्यावर पाथ युनिट परत बघतं तेव्हा ती तिथे असते. एका वेळी एकच डिप्लॉय, आणि निरोप एकही वाया जात नाही. वेगळी रांग किंवा कुलूप काही लागलं नाही.

याच मांडणीमुळे पेलोडवर अवलंबून राहणंही संपलं. आधी मी पेलोडमधला कमिटचा क्रमांक घेऊन तोच डिप्लॉय करत होते. दोन पुश उलट्या क्रमाने पोहोचले तर जुना कोड नव्यावर बसला असता. आता स्क्रिप्ट गिटला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला) विचारते, मेनवर या क्षणी काय आहे, आणि तेच घेते. निरोप दोनदा आला तरी हरकत नाही, उशिरा आला तरी नाही. फसलेली डिलिव्हरी गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही, माणसाने किंवा एपीआयमार्फत प्रोग्रामने पाठवायला लागते. म्हणून दर दहा मिनिटांनी मेनवर नवं काही आहे का बघून, असेल तर तीच फाइल बनवणारा सिस्टमडीचा टायमर जोडला. थाप ऐकू आली नाही तरी घरातलं माणूस दहा मिनिटांत एकदा दार उघडून बघतंच.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं, पण ते टाळू नये. डिप्लॉयसाठी वेगळा यूजर केला. त्याच्याकडे गिटहबची फक्त वाचण्यापुरती डिप्लॉय की (कोड ओढायची किल्ली), आणि रीस्टार्ट करायची मुभा एकाच सर्व्हिसची. या बदलानंतर गिटने काम करायलाच नकार दिला: फोल्डरची मालकी संशयास्पद आहे म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ या आवृत्तीपासून दुसऱ्या यूजरच्या मालकीच्या रिपॉझिटरीत गिट असं थांबतं, आणि ते एका खऱ्या सुरक्षादोषावरचं उत्तर आहे. सगळ्याच फोल्डरांना सुरक्षित म्हणून टाकायचा उपाय जागोजागी सुचवलेला दिसतो. तो करू नका. फोल्डरची मालकी योग्य यूजरला द्या, तक्रार थांबते.

सिक्रेट बदलण्याची सोयही आत्ताच करून ठेवली. नियमांत ‘किंवा’ वापरून, आणि एक सही जुळली नाही तरी दुसरी तपासू देणारी सेटिंग चालू करून, जुनं आणि नवं अशी दोन्ही सिक्रेटं काही मिनिटं चालतात, गिटहबमध्ये नवं घातलं की जुनं काढायचं.

मागे जाता येणं मला पुढे जाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. जुन्या यादीत मागे जायची ओळच नव्हती. आता प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये बसते आणि ‘करंट’ नावाची सिम्बॉलिक लिंक चालू आवृत्तीकडे बोट दाखवते. ही पद्धत कॅपिस्ट्रानो या डिप्लॉय साधनाची, रूबी भाषेच्या जगात तिला बरीच वर्षं झाली. लिंक बदलताना जुनी पुसून नवी केली तर मधल्या क्षणी काहीच नसतं, आणि त्या क्षणी आलेल्याला फाइल सापडत नाही. म्हणून नवी लिंक दुसऱ्या नावाने करायची आणि जुनीच्या जागी तिचं नाव बदलून आणायचं. नाव बदलणं लिनक्समध्ये एकाच झटक्यात होतं. शेवटच्या पाच आवृत्त्या ठेवतो. मागे जाणं म्हणजे लिंक फिरवणं आणि एक रीस्टार्ट.

डेटाबेस मात्र लिंकने मागे जात नाही. यावर आम्ही चौघं बराच वेळ बोललो आणि कोड लिहायची पद्धत बदलली. नवा कॉलम हवा असेल तर एका डिप्लॉयमध्ये फक्त कॉलम वाढवायचा, जुन्या कोडला तो नसला काय आणि असला काय, फरक पडू नये. पुढच्या डिप्लॉयमध्ये कोड तो वापरू लागतो. जुना कॉलम काढायचा तर आधी कोडने त्याला विसरायचं, मग काही दिवसांनी तो काढायचा. काम दुप्पट होतं असं सुरुवातीला वाटलं. पण मागची आवृत्ती कुठल्याही क्षणी चालू शकेल ही खात्री दुसऱ्या कशानेच मिळत नाही. त्या हरवलेल्या फॉर्मांनंतर मला ती खात्री हवीच होती.

शेवटची तपासणी साधी आहे. अ‍ॅप्लिकेशनमध्ये एक पान आहे, ते चालू कमिटचा क्रमांक सांगतं आणि डेटाबेसमध्ये एक नोंद लिहून, परत वाचून दाखवतं. डिप्लॉय स्क्रिप्ट रीस्टार्टनंतर तीस सेकंदांपर्यंत या पानाला विचारत राहते. क्रमांक जुळला आणि नोंद लिहिली गेली तरच डिप्लॉय झालं. नाहीतर लिंक मागच्या आवृत्तीकडे फिरते आणि आमच्या चॅट ग्रुपवर संदेश जातो. लिहून बघण्याचा भाग मी मुद्दाम घातला. त्या रात्री आमची सगळी पानं उघडत होती, लिहिलं तेवढं जात नव्हतं.

हे सगळं व्हायला, इतर कामं सांभाळून, सात आठवडे लागले. अकरा फाइलींच्या आता सतरा झाल्या आहेत. नवा दोष सापडला की आधी त्याची रिक्वेस्ट साठवतो, मग दुरुस्ती. सेटिंगला हात लावला की सगळ्या सतरा चालवतो, पाव मिनिटही लागत नाही.

गेल्या महिन्यात मी चार दिवस रजेवर होते, फोनही बंद होता. परतल्यावर ग्रुपवरचे संदेश वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मर्ज झालेला, तपासणीचं पान अडलेलं, लिंक आपोआप मागे गेलेली. त्याखाली टीममधल्या सर्वांत नव्या सहकारिणीचा संदेश: “लॉग बघितला. मायग्रेशन आणि कोड एकाच मर्जमध्ये गेलेत. दोन भाग करून परत टाकते.” तेवीस मिनिटांनी दुसरा संदेश, डिप्लॉय झाल्याचा, स्क्रिप्टने पाठवलेला. त्या दुपारी आलेले फॉर्म मी डेटाबेसमध्ये मोजले. सगळे होते.